दोनशे रुपयांची कॉन्ट्री : उन्हाळी सुट्टीतलं एक प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शिकवते आणि एका तुकडीची मेंटॉर आहे. हे प्रकरण गेल्या एप्रिल-मे महिन्यातलं आहे. मुलांची नावं बदलली आहेत. ज्याच्याविषयी लिहिलं आहे त्याने हे वाचलं आहे, आणि दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं आहे.

पार्श्वभूमी

ओंकार १९ वर्षांचा. त्याची एस.वाय.बी.कॉम.ची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपली. घर चिंचपोकळीला, चाळीत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, आणि आजी, आई, वडील, मोठी बहीण आणि तो अशी पाच माणसं. आजोबा गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, खोली तेवढी हाती राहिली. वडील एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन आहेत. आई पोळी-भाजीचे डबे करते. पहाटे चारला त्या खोलीत दोन शेगड्या पेटतात आणि साडेनऊला शेवटचा डबा बाहेर पडतो.

उन्हाळ्यात त्या खोलीत काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईचा पारा विदर्भासारखा चढत नाही. किनारपट्टीवर ३७ अंशांनाच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, कारण इथे हवेतला दमटपणा माणसाला हैराण करतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की जरा बरं वाटतं. पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात आणि तो खारा वारा उशिरा येतो, त्या दिवशी चाळीच्या वरच्या मजल्यावर बसवत नाही. पोटमाळ्यावर तर हात टेकला तरी पत्रा भाजतो. म्हणून चाळीतली मुलं एप्रिल लागला की रात्री गॅलरीत, नाहीतर गच्चीवर चटया टाकतात आणि दिवस बाहेर काढतात.

ओंकारचा दिवसही तसाच. सकाळी आईचे चार डबे पोचवायचे. अकरा ते एक टॅलीचा, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायच्या प्रणालीचा, क्लास, दादरला. दुपारी कधी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात पंख्याखाली, कधी गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये गार हवेत नुसतं फिरायचं. काही विकत न घेता तिथे किती वेळ थांबता येतं हे या मुलांना नेमकं ठाऊक असतं. संध्याकाळी दादर चौपाटी किंवा वरळी सी फेस, येताना उसाचा रस नाहीतर काला खट्टा गोळा. रात्री चाळीखाली एकाच्या मोबाईलवर आयपीएल, बाकीचे आठ त्याच्या खांद्यावरून डोकावणार.

आणि टर्फ. हिरव्या कृत्रिम गवताचं, चारही बाजूंनी जाळी लावलेलं, फ्लडलाइटचं बॉक्स क्रिकेट. ऊन नाही, चेंडू शोधायला गटारात उतरायचं नाही, कुणा काकूंच्या खिडकीची काच नाही. रात्री नऊ ते अकरा खेळायचं, मग भिजलेले टी-शर्ट खांद्यावर टाकून चालत घरी यायचं. ओंकार मला म्हणाला, ‘मॅडम, दिवसभरात तेवढे दोन तास मला माझे वाटायचे.’ हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे, कारण पुढे सल्ला देताना मी ते विसरायच्या बेतात होते.

अडचण

टर्फचा दर तासाला १,००० रुपये, दोन तासांचे २,०००. मुलं दहा, म्हणजे माणशी २०० ची कॉन्ट्री. बुकिंग करताना सगळे पैसे आधी भरावे लागतात. पहिल्या दिवशी ओंकारने भरले, कारण त्या वेळी त्याच्या खात्यात पैसे होते. त्यानंतर ते काम त्याच्याकडेच राहिलं. ‘ओम्या, तू टाक रे, मी देतो नंतर.’ तोही म्हणायचा, ‘दे रे, पळून चाललायस का?’

९, १४, १८, २३ आणि २८ एप्रिल अशी पाच बुकिंगं झाली. एकूण १०,००० रुपये. त्यातले त्याच्या वाट्याचे १,००० त्याने साठवलेल्या पैशांतून दिले. उरलेल्या नऊजणांकडून ९,००० यायला हवे होते, आले ५,४००. म्हणजे ३,६०० ची उधारी.

हे ३,६०० आले कुठून? वडिलांनी टॅलीच्या क्लासचा दुसरा हप्ता म्हणून त्याच्या खात्यात ५,५०० टाकले होते. भरायची मुदत ६ मे. हातात वेळ आहे, तोवर मित्र देतीलच, अशा हिशेबाने तो त्यातून खर्च करत गेला. प्रत्येक वेळी थोडेच जात होते, म्हणून डोळ्यांवर येत नव्हते. एप्रिलच्या मध्याला लोकलचा पास संपला, तोही त्याने काढला नाही. विद्यार्थी सवलतीत पास निम्म्या दरात मिळतो, पण सवलतीचा फॉर्म आणायला कॉलेजात जावं लागतं आणि सुट्टीत ते राहून गेलं. दोन-चारदा तिकीट काढलं, एकदा नाही काढलं, आणि नेमकं त्याच दिवशी दादरच्या जिन्यावर टीसीने धरलं. पाच रुपयांचं भाडं आणि किमान दंड २५० रुपये, असे २५५ गेले. रस-गोळ्यात १४५ गेले होते. खात्यात उरले १,५००.

२ मे रोजी तो सवलतीच्या फॉर्मसाठी कॉलेजात आला. मी पेपर तपासायला आले होते. पाकिटातून ओळखपत्र काढताना टीसीची पावती खाली पडली. त्याने ती इतक्या घाईने उचलली की मी विचारलंच. आधी दंडाचं सांगितलं. मग मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेली यादी होती. बंटी २००, २००, बरोबरची खूण. चेत्या २००, पुढे प्रश्नचिन्ह. सम्या २००, २००, २००, २००, आणि पुढे काहीच नाही. एका नावापुढे ‘गावाला’ लिहिलेलं. चार दिवसांत ४,००० उभे करायचे होते आणि घरी कुणाला काही माहीत नव्हतं.

पुढ्यातले पर्याय

पहिला त्याने आधीच चाचपून पाहिला होता. मोबाईलवर कर्ज देणारं एक अ‍ॅप त्याने उतरवलं होतं. पडद्यावर ४,००० मंजूर दिसत होते, हातात येणार होते ३,२००, बाकीचे ‘प्रक्रिया शुल्क’. परतफेड सात दिवसांत, पूर्ण ४,०००. मी त्याला म्हटलं, तू वाणिज्यचा विद्यार्थी आहेस, मांड गणित. त्याने मांडलं. ३,२०० वर ८०० म्हणजे आठवड्याला २५ टक्के. त्याचा चेहरा उतरला. मात्र त्याला थांबवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. अ‍ॅपने फोनमधले सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली होती, आणि त्यात आजीचा नंबर आहे हे त्याच्या डोक्यात आलं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण सुट्टीत मुलं याच गोष्टीत अडकतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घालून दिले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात यायला हवी. कर्जाआधी व्याज आणि सगळे आकार एका पत्रकात दाखवायला हवेत. घेतल्यावर विचार बदलला तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता यायला हवं. अ‍ॅपने संपर्क यादी, कॉल नोंदी, फोटो यांना हात लावायचा नाही. जे अ‍ॅप संपर्क यादी मागतं, ते पुढे वसुलीसाठी कुणाकुणाला फोन करणार हे उघड आहे. कुणी आधीच अशा छळात सापडलं असेल तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते.

दुसरा पर्याय मित्रांकडे मागण्याचा. त्यावर तो गप्प झाला. ‘मॅडम, दोनशेसाठी मागे लागलो तर ग्रुपमध्ये काय इज्जत राहील?’ मी त्याला म्हटलं, हे दोनशे नाहीत, तुझ्या पप्पांचे ३,६०० आहेत. बोलायला हे सोपं होतं. पण आमच्याकडे मैत्रीत हिशेब काढणं हलकेपणाचं मानतात, आणि ज्याच्या घरी पैसा कमी त्यालाच ते जास्त झोंबतं. सधन घरातला मुलगा बिनदिक्कत ‘ए, पैसे टाक’ म्हणतो. ओंकारला वाटायचं, आपण मागितले तर आपल्याला गरज आहे हे दिसेल.

तिसरा, घरी सांगणं. चौथा, क्लासकडे मुदत मागणं. पाचवा माझ्या मनातला होता : ४,००० मीच द्यावेत. मी पर्स उघडलीसुद्धा होती. मग वाटलं, एक उधारी दुसऱ्या उधारीने झाकली जाईल आणि त्या यादीतला एकही आकडा हलणार नाही. शिवाय सुट्टीनंतर वर्गात त्याने माझ्या नजरेला नजर दिली नसती. मी दिले नाहीत. ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं, पण त्या दिवशी घरी जाताना मन खात होतं.

आणखी एक गोष्ट मी पटकन बोलून गेले होते : ‘आता ते टर्फ बंद कर बघू.’ तो काही म्हणाला नाही, फक्त मोबाईल खिशात ठेवला. तेव्हा ‘तेवढे दोन तास माझे’ आठवलं. ज्या घरात पाय पसरायला जागा नाही तिथल्या मुलाला खेळू नको म्हणणं म्हणजे घरातला एकुलता एक पंखा बंद करण्यासारखं आहे. मी शब्द मागे घेतला आणि आम्ही खेळणं आणि खर्च वेगवेगळे मांडायचं ठरवलं.

काय केलं

आधी कागदावर पाच तारखा आणि दहा नावं घेऊन तक्ता केला. कोण कोणत्या दिवशी आला होता, कुणी किती दिले. दोन ठिकाणी ओंकारचीच नोंद चुकली होती, बँकेच्या नोंदी पाहून ती सुधारली.

मग मी सुचवलं, हा तक्ता ग्रुपवर टाक. भांडण नाही, टोमणा नाही, नुसता हिशेब आणि एक ओळ : ‘क्लासची फी भरायची आहे, ५ तारखेपर्यंत टाका.’ त्याने रात्री साडेदहाला टाकला. अकरापर्यंत ८०० आले. त्यातले दोघे म्हणाले, अरे आम्हाला वाटलं दिले होते. हे खोटं नसावं, दोनशे रुपये कुणाच्या लक्षात राहतात? ५ तारखेपर्यंत एकूण २,४०० जमा झाले. राहिले १,२०० : गावाला गेलेल्याचे ४०० आणि सम्याचे ८००.

घरी सांगायचं कुणाला, यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी स्वतः वडिलांना फोन करावा का? १९ वर्षांच्या मुलाच्या घरी परस्पर फोन केला की पुढे तो कधी काही सांगत नाही, हा माझा अनुभव आहे. ठरलं ते असं की आधी ताईला सांगायचं, मग तिच्यादेखत पप्पांना. ताई आधी खूप बोलली. मग दोघं गच्चीवर गेली, तिथे पप्पा चटई घालत होते. ओंकारने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, ‘खेळायला पैसे लागतात?’ तासाचा दर ऐकून त्यांना खरंच नवल वाटलं. ते शाळेत असताना, १९८८ मध्ये, आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली होती. त्याच मैदानाच्या कडेला ते रबरी चेंडूने खेळत आणि त्याचे कुणी पैसे घेत नसे. ‘मैदान अजून आहे ना तिथे?’ एवढं म्हणून ते आडवे झाले.

६ तारखेला क्लासमध्ये ओंकार स्वतः गेला. खात्यात ३,९०० होते. ३,५०० आता आणि २,००० एक जूनपर्यंत, हे त्यांनी मान्य केलं. मला वाटत होतं तितकं ते कठीण गेलं नाही. मुदत उलटायच्या आत माणूस समोर येऊन बोलला की ऐकून घेतलं जातं.

उरलेल्यासाठी आंबा कामी आला. शेजारच्या काकांकडे देवगडहून हापूस येतो, मे महिन्यात खोलीभर पेंढा पसरलेला असतो. दोन डझनांचा खोका गिऱ्हाइकाच्या घरी पोचवला की ४० रुपये. ओंकारने २७ खोके पोचवले, परळ, लालबाग, काळाचौकी, सगळं पायी. १,०८० रुपये मिळाले. काकांनी त्याला आढी लावायलाही शिकवलं : कच्चं फळ पेंढ्यात बसवायचं, रोज उघडून पिकलेलं वेगळं काढायचं, एक डागी फळ राहिलं तर शेजारची चार जातात. ते सांगताना तो टर्फविषयी बोलायचा तसाच बोलत होता. खात्यात उरलेले ४०० धरूनही कमी पडलेले ५२० ताईने घातले.

खेळाचं त्यांनी आपापसात ठरवलं. पप्पांचं बोलणं डोक्यात होतं. रविवारी पहाटेची लोकल पकडून सीएसएमटी, तिथून चालत आझाद मैदान. सहा ते आठ खेळायचं, मग क्लबची मुलं येतात आणि ऊनही चढतं. टर्फ पूर्ण सोडलं नाही, महिन्यातून एकदा ठेवलं. मात्र नियम केला की दहाही जणांचे पैसे आल्याशिवाय बुकिंग नाही, आणि बुकिंग दर वेळी वेगळा करणार.

काय निष्पन्न झालं

फी भरली गेली, कोर्स चालू राहिला. पासही काढला. पहाटे उठायला दहापैकी सहाच तयार झाले. दोघे दुसऱ्या टर्फच्या ग्रुपमध्ये गेले. त्याचं ओंकारला वाईट वाटलं आणि मी त्याला उगीच समजावत बसले नाही. खेळात माणसं जातात-येतात.

पण सम्याने ग्रुप सोडला. तक्ता टाकला त्याच रात्री, काही न लिहिता.

वेगळं काय करता आलं असतं

ही चूक माझी होती. सम्याच्या वडिलांचं काम जानेवारीपासून बंद होतं. ओंकारला ते माहीत होतं, म्हणूनच त्याने चार वेळा ‘तू ये रे, पैशाचं बघू’ म्हणून त्याला नेलं होतं. यादीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं, ते मी पाहिलं होतं. सगळ्यांपुढे काहीतरी खूण होती आणि त्याच्यापुढे नव्हती, त्याचं कारण मी विचारायला हवं होतं. मी आकडा पाहिला आणि तक्ता ग्रुपवर टाकायला सांगितला. नऊजणांसमोर त्याचा ८०० चा आकडा सगळ्यांत मोठा होता.

आज मी प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवायला सांगेन, आणि त्याआधी एकेका नावावर बोट ठेवून विचारेन : हा का देत नाहीये? विसरला आहे, टाळतो आहे, की त्याच्याकडे नाहीतच? तिन्हींसाठी वेगळं बोलावं लागतं. तिसऱ्याला तर ओंकारनेच बोलावलं होतं. ते ८०० उधारीत धरायचे की त्याच्याकडून दिलेले समजायचे, हे आधी ठरायला हवं होतं.

दुसरी गोष्ट ओंकारच्या बाजूची, आणि ती त्यानेच मला लिहायला सांगितली. पैसे खेळायच्या आधी मागितले तर ती खेळाची किंमत असते, नंतर मागितले तर ते त्याचे पैसे होतात. ९ एप्रिललाच ‘आधी टाका, मग बुक करतो’ म्हटलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. पाचव्या बुकिंगनंतर तेच म्हणायला त्याला माझी गरज लागली.

कॉलेज म्हणून आम्हालाही काही करता आलं असतं. परीक्षा संपली की आमचा वाचनकक्ष दुपारी बंद होतो आणि जिमखान्याला कुलूप लागतं. नेमकं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दहा बाय बाराच्या खोल्यांतल्या मुलांना ती जागा सर्वांत जास्त हवी असते. वाचनकक्ष तरी पाचपर्यंत उघडा ठेवावा, असा अर्ज मी दिला आहे. उत्तर आलेलं नाही.

मे अखेर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओंकार आंब्याचा एक खोका घेऊन काळाचौकीला गेला होता. सम्याची चाळ त्याच गल्लीत. तो खाली उभा राहिला आणि हाक मारली. सम्या आला. दोघं पाण्याच्या टाकीजवळ बराच वेळ उभे होते. ओंकार म्हणाला, राहू दे ते पैसे. सम्या म्हणाला, राहू दे म्हणालास तर परत दिसणार नाही तुला. मग आठवड्याला शंभर असं ठरलं. पहिले शंभर सम्याने तिथेच खिशातून काढले, वीस-वीसच्या पाच नोटा, आणि ओंकारने त्या घेतल्या.

मे संपेपर्यंत तीनशे आले होते. सम्या ग्रुपवर परत आलेला नाही. रविवारी पावणेसहाला तो चिंचपोकळी स्टेशनवर उभा असतो, चेंडू त्याच्याकडे असतो.